आइलीच्या आलेखातली पायरी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कोणी नाही. शाळेचा एक लांब बोळ, इतकंच. डाव्या हाताला पोरांचे पत्र्याचे कप्पे, खाली ओल्या बुटांनी करून ठेवलेली डबकी. उजव्या हाताच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी कागद लावलेला, खाटकाकडे मांस गुंडाळायला असतो तसला. कागदावर चौकटी, चौकटींत ठिपके. फेब्रुवारीची दुपार, शाळा सुटून गेलेली. मग वर्गाच्या दारातून एक बाई येते. उंच, खांद्यात वाकलेली, हातात लोकरीचे दोन तुकडे, एक लाल आणि एक हिरवा. ती कागदासमोर उभी राहते आणि बराच वेळ काहीच करत नाही.

फिनलंडहून आलेल्या आमच्या लोकांच्या हॉलमधल्या नाटकांत मी एकवीस वर्षं कामं केली. एवढा वेळ कोणी गप्प उभं राहिलं असतं तर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी खोकून खोकून त्याला हलवलं असतं. पण आइली कोस्केला नटी नव्हती. उत्तर मिशिगनमधल्या आमच्या या खाणगावात ती सातवीला गणित शिकवायची. छत्तीस वर्षं शिकवत होती, आणि त्या जूनमध्ये निवृत्त होणार होती. साल एकोणीसशे नव्वद.

भिंतीवरचा आलेख आमच्या तळ्यावरच्या बर्फाचा होता. दर हिवाळ्यात बर्फ पक्का झाला की भंगारातली एक गाडी, इंजिन काढून, ढकलत तळ्यावर नेऊन ठेवायची. गाडीला दोरी, दोरीचं दुसरं टोक काठावरच्या घड्याळाच्या पिनेला. वसंतात बर्फ फुटला की गाडी बुडते, दोरी ताणते, पिन निघते, घड्याळ थांबतं. तो दिवस आधी अचूक सांगेल त्याला बक्षीस. घड्याळ सांभाळायचे आरव्हो कोस्केला, आइलीचे वडील. सेहेचाळीस सालापासूनच्या तारखा त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरांवर लिहून ठेवल्या होत्या. आइलीने अठ्ठावन्न साली त्या सगळ्या कागदावर उतरवल्या. खाली आडवी वर्षं, बाजूला उभे दिवस, एका दिवसाला एक इंच. तेव्हापासून दरवर्षीचा ठिपका वर्गातलं कोणीतरी एक पोर द्यायचं. चिठ्ठी टाकून नाव निघायचं, आणि ते नाव त्या ठिपक्याखाली लिहिलं जायचं.

नावांतली बरीचशी आता गावात नव्हती. खाण बंद झाल्यावर पोरं डेट्रॉइटला गेली, मिनियापोलिसला गेली. एकसष्टचा ठिपका देणारा टाइस्टो निएमी व्हिएतनामहून परतलाच नाही. आइलीचं लग्न झालं नव्हतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती कधीकधी शाळेत जाऊन तो कागद पुसत बसायची, फडक्याने, हलक्या हाताने.

त्या वर्षी गावाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. उत्सव समितीने ठरवलं की तळ्याच्या काठी तांब्याची एक मोठी पाटी बसवायची आणि तिच्यावर आइलीचा आलेख कोरायचा, ठिपक्यांखालच्या नावांसकट. वाल्फ्रिड लाहती समितीचा अध्यक्ष. त्याचं खिळेमोळे आणि रंगांचं दुकान. हॉलच्या नाटकांत तो माझ्यासमोर खलनायक असायचा आणि दर प्रयोगाला त्याची मिशी निघायची. त्याने शाळेत जाऊन आइलीला ही बातमी दिली तेव्हा ती म्हणाली, "बरं." एवढंच. पण त्या शनिवारी ती बस धरून हँकॉकला गेली आणि निळा कोट घेऊन आली. तिच्या अंगावर मी तोपर्यंत करडा सोडून दुसरा रंग पाहिला नव्हता.

"पाटी उघडतील त्या दिवशी घालीन," ती म्हणाली. "फार भडक आहे का गं, इम्पी?"

"भडकच आहे," मी म्हटलं. "घाल."

आता त्या दिवशीच्या तासाकडे येते. दर फेब्रुवारीला नव्या वर्षाचा आकडा रंगवायला ती मला शाळेत बोलवायची, कारण हॉलचे पडदे रंगवणारी मीच. मी शिडीवर होते, खाली पोरांचा धडा चालला होता. आइलीची रीत ठरलेली. आधी ठिपका, मग रेघ, मग वाक्य. रेघेसाठी ती लोकरीचा धागा वापरायची. दोन पोरांनी दोन टोकं धरायची, आणि धाग्याच्या वर जेवढे ठिपके तेवढेच खाली राहतील असा तो बसवायचा. मग धागा वर चढतो की खाली उतरतो ते बघून एक वाक्य लिहायचं. पंधरा वर्षं तो धागा डावीकडून उजवीकडे उतरत आला होता आणि पंधरा वर्षं पोरं तेच वाक्य लिहीत आली होती. बर्फ दरवर्षी थोडा लवकर जातो.

त्या दिवशी लोकर कमी पडली. पिशवीत दोन उरलेले तुकडे होते, लाल आणि हिरवा. एकही पूर्ण भिंतीला पुरेना.

"असू दे," आइली म्हणाली. "लाल गट डावीकडे, हिरवा गट उजवीकडे. मध्ये जोडून घेऊ."

पोरांनी धागे ताणले. सरकवले, भांडले, परत सरकवले.

"बाई, आमचा आडवाच बसतोय," लाल गटातला मार्विन म्हणाला.

"नीट बघ. उतरेल."

"नाही उतरत, बाई. तुम्हीच बघा."

"आमचा उतरतोय," हिरव्या गटातली एक मुलगी म्हणाली, "पण अगदी इतकासाच."

"मग जोडा दोन्ही."

"कसे जोडणार? ते वर आहेत, आम्ही खाली!"

"तुम्ही कायमच खाली," मार्विन म्हणाला, आणि लाल गट खिदळला.

खरंच होतं. लाल धागा संपत होता तिथून हिरवा धागा वीतभर खाली सुरू होत होता. मध्ये उतार नव्हता. पायरी होती.

"बाई, जिना झाला!"

आइली हसली नाही. "टोकांपाशी खुणा करा, धागे मला द्या," ती म्हणाली, "आणि जागेवर बसा." एकाहत्तरचा ठिपका वर, बहात्तरचा खाली. तिने पोरांना विचारलं, असं एकदम कशाने झालं असेल? पोरांनी हौसेने सांगितलं. पाणी गरम झालं असेल. खाणीतून काहीतरी सुटलं असेल. ज्वालामुखी. ती प्रत्येकाला "असेल" म्हणत राहिली आणि फळ्यावर काहीच लिहिलं नाही. शाळा सुटल्यावर मी शिडी आवरून निघाले तेव्हा ती बोळात उभी होती, तशीच, मी वर सांगितलं तशी.

शनिवारी मी तिच्याकडे कॉफीला गेले. तिने निसू पाव कापला, वेलचीचा वास सुटला, पण बशी माझ्यापुढे सरकवायची ती विसरली. कप विसळत मोरीशी उभी राहिली. मोरीवरच्या खिडकीतून तळं दिसतं. तळ्यावर, ओढ्याच्या तोंडाजवळ, त्या वर्षीची गाडी उभी होती.

"इम्पी, ही गाडी इथे कोणी आणली?"

"दरवर्षी आणतात तीच पोरं. का?"

"तसं नाही. इथे. आधी कुठे असायची?"

"खाणीच्या धक्क्यासमोर. तुझे बाबा तिथे राहायचे ना, कंपनीच्या घरात."

"आणि इथे कधीपासून?"

मी बोटांवर वर्षं मोजत मागे गेले. बहात्तरच्या जानेवारीत आरव्होंना झटका आला, उजवं अंग गेलं. आइली त्यांना स्लेजवर घालून तळ्याच्या या टोकाला, आपल्या घरी घेऊन आली. घड्याळही आणलं, कारण घड्याळाशिवाय म्हातारा जेवेना. आणि घड्याळ आलं म्हटल्यावर गाडीही त्याच्या मागोमाग आली. कोणाला काही वाटलं नाही. आरव्हो जिथे, तिथे गाडी. त्यांना खिडकीतून दिसली पाहिजे, बस. गावात असा एक माणूस नव्हता ज्याने "बरं झालं" म्हटलं नाही.

आणि गावात अशी एक आई नाही जी पोराला सांगत नाही, की फेब्रुवारीनंतर ओढ्याच्या तोंडाशी खेळायला जायचं नाही. वाहतं पाणी खालून बर्फ खातं. धक्क्यापाशी पाणी खोल, वर डोंगराची सावली, तिथला बर्फ उशिरापर्यंत टिकतो. हे आम्हाला दुधाच्या दातांपासून माहीत. फक्त ते भिंतीवरच्या कागदाला लावून कोणी पाहिलं नाही.

"अठरा वर्षं मी भांडी घासताना बघतेय तिच्याकडे," आइली म्हणाली. "अठरा वर्षं. आणि शाळेत जाऊन पोरांना सांगतेय, बघा, बर्फ लवकर जायला लागला. बर्फ नाही गेला गं. मीच गाडी हलवली."

"अगं पण थोडा तरी उतार आहे ना? हिरवा धागा..."

"आहे. थोडा. बाकीचा माझा आहे."

"तू म्हाताऱ्याला घरी आणलंस. त्यात काय चूक?"

"त्यात काही नाही." तिने नळ बंद केला. "मी ते कागदावर लिहिलं नाही."

मी तिला म्हटलं, नक्की कशावरून? तीही म्हणाली, नक्की नाहीच, आधी मोजायला हवं. वाल्फ्रिडला तिने मेपर्यंत काही कळू दिलं नाही. त्याच्याकडून लाल रंगाचा एक डबा घेतला, तेलाचं एक रिकामं पिंप रंगवलं आणि दोघातिघांकरवी ते धक्क्यासमोर, गाडी पूर्वी उभी असायची तिथे, बर्फावर नेऊन ठेवलं. मग मार्च आणि एप्रिलभर तिचा एकच क्रम. शाळा सुटली की पायाला बर्फावर चालायच्या पादुका बांधायच्या, काठाकाठाने दोन मैल धक्क्यापर्यंत जायचं, पिंप बघायचं, वहीत लिहायचं, दोन मैल परत. वय त्रेसष्ट. गुडघे सुजायचे. शनिवारी सौनात, वाफेच्या खोलीत, बाकावर बसली की तिला उठवेना. मी तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचे आणि ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायची.

"कोणाला तरी सांग ना बघायला," मी म्हणायचे.

"सांगितलं तर ते 'हो, आहे' म्हणतील. न बघता." डोळे न उघडता म्हणायची.

चोवीस एप्रिलला दुपारी ओढ्याच्या तोंडाशी गाडी गेली. घड्याळ थांबलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बक्षीस पोस्टमास्तरणीला लागलं. त्याच दिवशी संध्याकाळी आइली धक्क्यावर गेली. पिंप उभं होतं. दुसऱ्या दिवशीही उभं. एप्रिल संपला तरी उभंच. तीन मे रोजी ती गेली तेव्हा तिथे काळं पाणी होतं, आणि लाल पिंप धक्क्याच्या खांबाला लागून तरंगत होतं. नऊ दिवस. भिंतीवरची वीतही नऊ इंचांचीच होती.

"एका वर्षाचं माप म्हणजे एक ठिपका," ती मला म्हणाली. "एका ठिपक्यावरून रेघ निघत नाही. पण आता 'मला माहीत नव्हतं' असंही म्हणता येत नाही."

वर्गात तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मार्विनने हात वर केला. "बाई, माझ्या दादाला त्या वाक्यासाठी अ मिळाला होता. तो परत घेणार?"

"ठेव म्हणावं त्याला. त्याने बघितलं ते बरोबर लिहिलं. दाखवताना चूक माझी झाली."

समितीची बैठक हॉलमध्येच होती, रंगमंचावर, कारण खाली प्रेक्षकांच्या जागी छत गळत होतं. टेबलाभोवती आम्ही सातजण आणि एका खुर्चीवर आइली, मांडीवर गुंडाळी केलेला कागद. तिने सगळं सांगितलं, सांगताना आवाज चढवला नाही की पाडला नाही. मग म्हणाली, पाटीवर एकाहत्तर आणि बहात्तरच्या मध्ये फट ठेवा आणि खाली एक ओळ कोरा. इथे गाडी धक्क्यापासून ओढ्याच्या तोंडाशी हलवली, ती आइली कोस्केलाने हलवली.

वाल्फ्रिडने चष्मा काढून पुसला. "तारखा खोट्या आहेत का?"

"नाही. तारखा खऱ्या आहेत. रेघ खोटी आहे."

"मग रेघ काढून टाकू. नुसते ठिपके ठेवू. झालं! एवढंसं तर आहे."

"बघणाऱ्याचा डोळा रेघ काढतोच, वाल्फ्रिड. निम्म्या गावाला तशी काढायला मीच शिकवलंय."

"आइली, गावाच्या शंभरीला तांब्यावर काय कोरायचं? आम्ही चुकलो?"

"आम्ही नाही. मी. तसंच कोरा."

"तुला एवढी कसली खाज आहे गं?" तो एकदम ओरडला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काकुळती होती. "आम्ही तुझा मान करतोय. पोरांची नावं आहेत त्यावर. टाइस्टोची आई येणार आहे. तिला काय सांगू, फट आहे म्हणून पाटी नाही?"

आइलीचा हात कागदावर होता. टाइस्टोची आई तिच्या मनात आधीच येऊन गेली होती, हे मला ठाऊक होतं. ती रात्ररात्र त्याच एका गोष्टीने जागली होती.

"पाटी असू दे," ती म्हणाली. "नावं असू देत. फट पण असू दे. मी एवढंच मागतेय."

मतं घेतली. फटीच्या बाजूने दोन हात वर गेले, एक माझा. विरुद्ध पाच. फट नको, आणि बाईंना फटीशिवाय नको, तर मग आलेखच नको, असं ठरलं. पाटीवर खाणीतला मजूर आणि खेचर कोरायचं. खेचराबद्दल कोणाचा आक्षेप नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती निळा कोट घालून शाळेत आली. पावसात, चिखलात. "आता कशासाठी ठेवू?" म्हणाली. त्या कोटात ती अधिकच दमलेली दिसत होती, आणि शोभतही होती.

जूनमधला शेवटचा दिवस. पोरं गेली, कप्पे उघडे पडले, बोळात कागदाचे कपटे. भिंतीवरचा कागद ती आणि मी मिळून काढला आणि फरशीवर पसरला. नव्या शिक्षिकेने सांगितलं होतं की तो परत लावायचा असेल तर भिंत तुमचीच. आइलीला तो एकाहत्तर आणि बहात्तरच्या मध्ये कापायचा होता. मध्ये कोरी पट्टी घालायची, तिच्यावर ती ओळ लिहायची, मग परत लावायचा. कागद बत्तीस वर्षांचा, वाळून पापडासारखा झालेला. ती गुडघ्यांवर बसली, बूट बाजूला काढून ठेवलेले, कात्री हातात. पहिल्याच कापाला कागद तिरका फाटू लागला. ती थांबली. मी दुसऱ्या टोकाकडे जाणार, इतक्यात दारातून वाल्फ्रिड आला. अंगावर दुकानाचा अ‍ॅप्रन, धाप लागलेली.

"पाटी घडवणारा ओतारी सोमवारपर्यंत थांबतो म्हणतोय," तो म्हणाला. "मी सगळ्यांशी बोललोय. ठिपके आणि नावं, रेघ नाही, फट नाही, कोणाचं काही लिहिणं नाही. पाचही जण तयार आहेत. तू फक्त हो म्हण, आइली. खेचर रद्द करतो. एवढं एक हो म्हण."

तिने वर पाहिलं. मग कागदावरच्या नावांकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता. मला वाटलं, म्हणेल. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं, आणि कोणी मला बोल लावला नसता. बाहेर कोणीतरी पोर सायकलची घंटा वाजवत गेलं. तिने कात्री दुसऱ्या हातात घेतली, बोटं एकदा उघडली, मिटली.

"वाल्फ्रिड, बूट काढ, कागदावर पाय पडेल. आणि ते टोक धर, घट्ट, फट सरळ कापायची आहे. माझ्या हातात आता जोर नाही."